एक्सपीचे सत्तावीस गुण

[ओतूर. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यातलं वधूवर सूचक केंद्र. दुपार. टेबलावर नवा कॉम्प्युटर, टेबलाखाली जुना.]

आरोही : तिसऱ्यांदा निळा पडदा, काका. हा नवीन कॉम्प्युटर तुमच्या जुन्या विंडोज एक्सपीला घरात घ्यायलाच तयार नाही.

गोरख : तयार न्हाई म्हंजे? दुकानदार तर म्हणला, ह्याच्यावर समदं चालतं. सिनेमा चालतो, सातबारा निघतो, पोरं गेम खेळत्यात.

आरोही : सगळं चालतं. तुमचं तेवढं चालत नाही. हे मशीन जन्माला यायच्या कितीतरी आधी एक्सपी रिटायर झाला. दोघांची ओळख नाही की पाळख नाही. तो विचारतो, हार्डडिस्क कुठंय? हा दाखवतो, पण त्याला दिसत नाही. मग घेरी येऊन पडतो.

गोरख : मग नवीन विंडोज आलीच हाय ना त्याच्यात, तिच्यावर टाक माझं गुणमेलनाचं सॉफ्टवेअर.

आरोही : तेच आधी केलं. ती म्हणते, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. तुमच्या कंपनीकडून नवीन मागवा की.

गोरख : नाशिकची कंपनी ती. काल फोन लावला, तर पलीकडचा म्हणतो, आलं-लिंबू टाकू का साधा? रसवंती हाय आता तिथं.

म्हाळसाबाई : गोरखभाऊ, रस नंतर प्या. माजं काय ते सांगा. मला निमगावची गाडी गाठायची हाय.

गोरख : म्हाळसाबाई, तुमी जरा दम धरा. मशीनचं काम असतंय.

म्हाळसाबाई : दमच धरलाय सकाळधरनं. पोरी, तू आता आलीस, तुला ठावं न्हाई, म्हणून सांगते. उद्या घोडेगावला ऋतिकच्या घरी सुपारी फुटायची. माज्या हिराची. परवा ह्याच खुर्चीवर बसून ह्यांनी मला सांगितलं, सत्तावीस गुण जुळत्यात. मी हितनंच फोन लावला थोरल्या दिराला. जानकूभाऊजींनी लगीच गावाला सांगितलं. आन ह्यांनी कागद काढाया बटन दाबलं, तर ह्या खालच्या डबड्यानं ठ्यां केलं आन जीव सोडला.

गोरख : डबडं म्हणू नगा. वीस वर्सं राबलाय बिचारा. पाठीमागनं धूर निघाला तरी स्क्रीनवर सत्तावीस तसंच व्हतं. इमानदार मशीन.

म्हाळसाबाई : इमान घिऊन मी काय करू? भाऊजी म्हणत्यात, कागद हातात पडल्याबिगर मी सुपारीला बसायचा न्हाई. आमच्या भावकीतला सावळेराम टपून बसलाय. त्याला हिरा त्याच्या साडूच्या पोराला करायची हाय. कागद दिसला न्हाई, तर उद्या उजाडायच्या आत त्यो ओट्यावर येऊन बसतोय बघ.

आरोही : एवढंच ना? काका, हाताने लिहून द्या की. सत्तावीस लिहा, शिक्का मारा, विषय संपला.

गोरख : ए पोरी! तू कॉम्प्युटर दुरुस्त कर, मला बिघडवू नगं. ह्या केंद्रात आजपातुर एक आकडा मी हातानं लिवलेला न्हाई. सभापतीचा पाव्हणा आला, सोळा आलं, सोळाच दिलं. माज्या सख्ख्या मेव्हण्याला चौदा आलं, चौदाच दिलं. त्यो आजून दिवाळीला येत न्हाई. आकडा कॉम्प्युटरचा. मी फकस्त चहा पाजतो.

आरोही : तोही कॉम्प्युटरच करतो वाटतं. चव तशीच आहे.

म्हाळसाबाई : चहाचं ऱ्हाऊ दे. काय उपाव हाय का न्हाई?

आरोही : एक आहे. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार करायचा आणि एक्सपीला त्यात बसवायचं.

गोरख : खोटा? माज्याकडं खोटं न्हाई चालायचं.

आरोही : तसा खोटा नाही हो. बघा, नवीन बंगला बांधला की म्हाताऱ्या सासऱ्याला मागची खोली देतात ना? त्याची खाट, त्याचा रेडिओ, त्याचा तांब्या, सगळं जसंच्या तसं मांडून देतात. तो आत खुश. त्याला वाटतं, घरावर अजून आपलंच राज्य आहे. बाहेर सुनेनं स्वयंपाकघर पाडून दुसरं बांधलं तरी त्याला पत्ता नसतो. तसं.

म्हाळसाबाई : आन म्हातारा बाहीर आला तर?

आरोही : दार बाहेरून लावलेलं. इंटरनेट पण द्यायचं नाही. ह्या वयात लगेच सर्दी होते.

म्हाळसाबाई : कळलं. आमच्यात सासरा मरस्तवर मेंढ्यांमागं फिरतोय, खोलीची येळच येत न्हाई. पर कळलं.

गोरख : कर बाई, दे त्याला खोली. पर स्क्रीनवर ती हिरवी टेकडी यायला पायजे. टेकडी आल्याबिगर मला आपलं दुकान वाटतच न्हाई.

आरोही : येईल. सीडी द्या. आणि कव्हरवरचा नंबर वाचा सावकाश.

गोरख : पाच… एच… डब्ल्यू… मग कुंकू.

आरोही : कुंकू?

गोरख : कुंकू हाय त्या अक्षरावर. दरसाल दसऱ्याला पूजा करतो मी सीडीची.

आरोही : सीडीची?

गोरख : मग कशाची करू? औत विकलं, बैल विकलं. पोटाला हीच घालती.

म्हाळसाबाई : आणा हिकडं, थुकी लावून पुसते.

गोरख : देवाचं कुंकू थुकीनं? थांबा, ह्ये रुमालानं… आठ हाय. न्हाईतर बी हाय.

आरोही : दोन्ही घालून बघते. बी नाही. आठ. चाललं. आता हा विचारतोय नाव काय, तारीख काय, देश कुठला. भारत. मुंबई, दिल्ली वगैरे. झालं. आता बसा गप्प, त्याला सामान लावू द्या.

म्हाळसाबाई : तवर भितीवरचा ह्यो फोटू कुणाचा म्हणायचा? सयाजी न्हवं ह्यो, ओझरचा?

गोरख : सयाजी आन शीला. चौतीस गुण! ह्या केंद्राचा इक्रम हाय. छत्तीसातलं चौतीस. म्हणून फ्रेम करून लावलाय. नवं गिऱ्हाईक आलं की पयलं दर्शन त्यांचं.

म्हाळसाबाई : त्यांच्या रानात आमच्या मेंढ्या बसायला असत्यात की. परवाच शीलानं त्याच्या अंगावर पाण्याची बादली उपडी केली. इहिरीवर. आमी समद्यांनी बघितली.

गोरख : त्यो प्रेमाचा भाग झाला.

म्हाळसाबाई : मागनं बादली बी हाणली. जर्मनची व्हती.

आरोही : काका, वर बघा.

गोरख : आली! टेकडी आली! तेच निळं आभाळ, तेच ढग! पोरी, तुजं कल्याण होवो.

म्हाळसाबाई : ह्ये कुठलं रान म्हणायचं? लई चराऊ दिसतंय. आन येवढ्या गवतात एक बी मेंढरू न्हाई? फॉरेस्टनं राखलंय का काय?

आरोही : मावशी, मालकांना पाठवू नका तिकडे, अमेरिकेतलं रान आहे ते, व्हिसा लागतो. काका, तुमचं सॉफ्टवेअर पण बसलं. घाला हिराची माहिती.

गोरख : बघा म्हाळसाबाई, आता तुमच्या डोळ्यांदेखत. हिरा. एक जून. सकाळी नऊ. जन्मठिकाण निमगाव सावा. आता ऋतिक. घोडेगाव. आन ह्ये दाबलं, श्री विघ्नहराय नमः… साडेअकरा.

म्हाळसाबाई : येळ नका सांगू, गुण सांगा.

गोरख : गुणच साडेअकरा.

म्हाळसाबाई : परवा सत्तावीस व्हतं!

गोरख : व्हतं. मीच सांगितलं. वर नाडीदोष दावतोय. परवा नाडी येगळी व्हती. पोरी, तू काय केलंस?

आरोही : मी काय करणार? सासऱ्याला खोली दिली. तो बडबडतोय त्याला मी काय करू?

म्हाळसाबाई : साडेअकराचा कागद घिऊन मी गावात शिरू? सावळेराम हलगी लावंल! भाऊ, परत दाबा.

गोरख : दाबलं. साडेअकराच.

म्हाळसाबाई : जोरात दाबा.

आरोही : जोर लावून गुण वाढत नाहीत मावशी. काका, एक करा. ज्यांचा आकडा पक्का माहितीये असं जोडपं टाका. फ्रेममधलं.

गोरख : चांगलं सुचवलंस. ह्यांची माहिती तर मला तोंडपाठ. सयाजी… शीला… दाबलं…

आरोही : तेरा.

म्हाळसाबाई : आता बादली समजली.

गोरख : हसू नगा! चौतीसाचं तेरा? फ्रेम उतरवू का काय करू?

आरोही : थांबा, थांबा. जुन्या कॉम्प्युटरवर खाली कोपऱ्यात घड्याळ होतं ना?

गोरख : एकदम बरोबर चालायचं. स्टँडवरचा कंट्रोलर हितं येऊन त्याचं घड्याळ लावून जायचा.

आरोही : त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की नकाशा उघडायचा?

गोरख : जगाचा. चुकून हात लागला की यायचा. वर पॅसिफिक का काय लिवलेलं. मला वाटलं, नकाशाच्या कंपनीचं नाव.

आरोही : कंपनीचं नाव! काका, एक्सपी टाकला कुणी होता?

गोरख : पप्पूनं. आळेफाट्याचा. लई चलाख पोरगं. चहा यायच्या आत मोकळं झालं.

आरोही : होणारच. जिथं तिथं नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. देश विचारला, तिथंही नेक्स्ट. मशीनने आपला अमेरिका धरला. मग घड्याळ चुकीचं दिसायला लागलं, तर पप्पूनं घड्याळाचे आकडे हाताने बदलले. बाहेर दिसायला ओतूर, आत पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा. आणि तुमचं सॉफ्टवेअर जन्मवेळ कुठल्या देशातली, हे कॉम्प्युटरला विचारून घेतं.

म्हाळसाबाई : मराठीत सांग.

आरोही : तुम्ही म्हणालात, हिरा सकाळी नऊला झाली. मशीनने धरलं, अमेरिकेतले सकाळचे नऊ. तेव्हा आपल्याकडे रात्र असते. म्हणजे ह्या डबड्याने सकाळचं पोर रात्री जन्माला घातलं आणि रात्रीचं सकाळी. मधल्या वेळात चंद्र पुढच्या नक्षत्रात सरकला असेल तर सगळे गुण फिरले. नसेल सरकला तर वाचले.

गोरख : किती जणांचा सरकला आसंल?

आरोही : निम्म्यांचा धरा.

गोरख : निम्म्या जुन्नर तालुक्याचा?

आरोही : आणि आंबेगावचे जे आले त्यांच्यातले निम्मे.

गोरख : अरारा… नारायणगावचे जोशीबुवा मला एकदा म्हणले व्हते, गोरखराव, तुमच्या पत्रिकेत दुपारच्या पोराचा सूर्य जमिनीखाली कसा? मी म्हणलो, बुवा, तुमाला कॉम्प्युटरची जळजळ हाय. वर त्यांना इनो पाजला.

आरोही : हे बघा, खात्री करू. देश अमेरिका केला. सयाजी-शीला. चौतीस. हिरा-ऋतिक. सत्तावीस. आता परत भारत केला. तेरा. साडेअकरा.

म्हाळसाबाई : मग सोप्पं झालं की! अमेरिका करा आन काढा कागद.

गोरख : आता कसं काढू?

म्हाळसाबाई : परवा काढणारच व्हता न्हवं?

गोरख : परवा मला ठावं नव्हतं. न कळता केलं ती चूक. कळून केलं, मग त्याला काय म्हणायचं?

म्हाळसाबाई : सोयरीक म्हणायचं.

गोरख : म्हाळसाबाई, थट्टा नगा करू. माज्या भरवशावर माणसं येत्यात. किती स्थळं मी ह्या खुर्चीतनं माघारी धाडली. दहा आलं, बारा आलं, मी मान हलवली, माणसं उठून गेली. त्यातली निम्मी…

आरोही : त्यातलं एक माझं. विसरलात? आई आली होती पिंपळवंडीच्या समर्थची माहिती घेऊन. दहा आले. तुम्ही मान हलवली. आई स्टँडवर बसून रडली.

गोरख : आठवतंय. म्हणून तर तुला बोलवताना मला कसंसंच व्हत व्हतं.

आरोही : आत्ता तुम्ही दोघं वाद घालत होतात ना, तेव्हा टाकून बघितलं. आपल्या वेळेनं. एकतीस.

गोरख : देवा रे. पोरी… तुजं नुस्कान केलं मी.

आरोही : नुकसान कसलं! समर्थ माझ्याच दुकानात येतो मोबाईलला काच लावायला. काच साधी लावू का काळी, हे आईला फोन करून विचारतो. आई म्हणते, वडलांना विचार. वडील शेतात, त्यांना रेंज नाही. तेवढा वेळ तो माझ्या काउंटरला टेकून उभा. एकतीस गुण! अमेरिकेचे उपकार आहेत माझ्यावर.

म्हाळसाबाई : हिचं निस्तरलं. आता माजं बघा. भाऊ, घोडेगावात मांडवाचं ठरलंय, आचारी ठरलाय. माजी पोरगी दोन दिस झालं जेवली न्हाई धड. तुमच्या त्या चंद्राला म्हणावं, जरा कड घे.

आरोही : काका, खरंच. नाहीतर काय करणार? बरोबर वेळ लावून जुनी सगळी लग्नं परत तपासणार? संसाराला लागलेल्या माणसांना बोलवून सांगणार, तुमचे नऊच होते, उठा?

गोरख : ते मला म्हाईत न्हाई. पर खरी येळ ती खरी. पोरगी सकाळी नऊला जन्मली, तर तिचं नऊचंच बघायला पायजे. तिच्यावर अन्याव न्हाई करायचा मी.

म्हाळसाबाई : नऊला कुठं जन्मली?

गोरख : तुमीच सांगितलं नऊ!

म्हाळसाबाई : तुमी इचारलं, टाईम काय. मी म्हणलं, काय सांगायचं आता. तुमी म्हणलं, अंदाजे सांगा, सकाळ का दुपार, रकाना मोकळा सोडता येत न्हाई. मी तुमच्या भितीवरच्या घड्याळात बघितलं. नऊ वाजलं व्हतं. म्हणलं, नऊ.

आरोही : काका, पाणी देऊ का?

गोरख : नगं. म्हाळसाबाई, खरी येळ काय मग?

म्हाळसाबाई : घड्याळ कुणाकडं व्हतं? माळशेजच्या अलीकडं आमच्या मेंढरांचा वाडा मुक्कामाला पडला व्हता. मेंढ्या कोकणात उतरायच्या व्हत्या. मला कळा लागल्या, सासूनं घोंगडी आडवी बांधली. कुत्री भुकत व्हती. उजाडलं नव्हतं येवढं खरं. थंडी अशी, का कोकरू पोटाशी धरून निजावं.

गोरख : एक जूनला थंडी?

म्हाळसाबाई : जूनमदी कुठली आली थंडी? जून शाळंतला. मला तारीख ठावं न्हाई. दिवाळी हून गेली व्हती.

गोरख : म्हंजे तारीख बी खोटी, येळ बी खोटी, आन ठिकाण माळशेज!

म्हाळसाबाई : पोरगी खरी हाय की.

आरोही : मग हे सत्तावीस गुण कुणाचे? एक जूनला, सकाळी नऊ वाजता, अमेरिकेत जन्मलेली कुणीतरी पोरगी. ऋतिकचं खरं तर तिच्याशी जमतंय.

म्हाळसाबाई : तिला म्हणावं, तिकडंच बस.

गोरख : थांबा. थांबा जरा. ऋतिकची तारीख काय हाय, बघ गं.

आरोही : एक जून. साल तेवढं वेगळं.

गोरख : ह्यो बी?

आरोही : काका, तुमच्याकडे आजवर एक जूनवाले बरेच आले असतील ना?

गोरख : लई आले. लई म्हंजे लई. मला वाटायचं, आपल्या भागाचं हवापाणीच तसलं आसंल. मी वधूवर मेळाव्यात माईकवर बोललोय, आपला तालुका एक जूनला फळतो म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

म्हाळसाबाई : टाळ्या वाजवणाऱ्यातली निम्मी एक जूनचीच आसणार.

आरोही : काका, फोन वाजतोय तुमचा.

गोरख : कोण हाय? जानकूभाऊ. मेलो. म्हाळसाबाई, काय सांगू?

म्हाळसाबाई : मी हितं न्हाई म्हणा. आन ते स्पीकरचं बटन दाबा, मला ऐकू दे.

गोरख : हॅलो. बोला जानकूभाऊ, राम राम.

जानकू : राम राम. कागद निघाला का?

गोरख : निघतोय, भाऊ. कॉम्प्युटर नवा हाय, जरा अंग चोरतोय.

जानकू : आमची म्हाळसा तिथंच बसलीया का?

गोरख : न्हाई, त्या… स्टँडवर गेल्यात. गाडी इचाराया.

जानकू : बरं झालं. एक इचारायचं व्हतं, तिच्यासमोर नगं. त्यो नवा कॉम्प्युटर लई हुशार हाय का?

गोरख : हाय तसा. का वो?

जानकू : न्हाई, तारीख खरी का खोटी ह्ये त्याला कळतंय का?

गोरख : आता काय सांगावं. कुणाची तारीख?

जानकू : हिराची. शाळंत मीच घिऊन गेलो व्हतो तिला. गुरुजी म्हणलं, जन्मतारीख? आमाला कुठं ठावं! मी म्हणलो, गुरुजी, तुमाला लिवाया सोपी कुठली पडती? त्यांनी एक जून टाकली. म्हाळसाला इंग्रजी म्हैनं कळत न्हाईत, तिला ते आजून खरंच वाटतंय. बिचारीनं तुमाला तीच सांगितली आसंल. तिला काय बोलू नगा, लई जिवाला लावून घेती ती.

गोरख : भाऊ, येवढं ठावं असून तुमी कागदासाठी अडून बसलाय?

जानकू : कागद मला कशाला? सावळेरामासाठी पायजे! पोरं कॉलेजापासनं एकमेकाला धरून हायेत, मी काय आंधळाय? ऋतिक चांगला हाय, निर्व्यसनी हाय. पर पोरांनी जमवलं म्हणलं, की सावळेराम भावकी गोळा करणार. म्हाळसानं जमवलं म्हणलं, तर बाईच्या नादानं घर चालतंय म्हणणार. मी जमवलं म्हणलं, तर त्याच्या साडूचा अपमान. कॉम्प्युटरनं जमवलं म्हणलं, की भांडणार कुणाशी? त्या टीव्हीला का शिव्या द्यायच्या?

गोरख : मॉनिटर म्हणत्यात त्याला.

जानकू : ते काय आसंल ते. सत्तावीस सांगून बसलोय चावडीवर. त्यातलं एक बी कमी करू नगा. शिक्का मोठा मारा. ठिवतो.

आरोही : मावशी, तुम्ही रडताय का हसताय?

म्हाळसाबाई : मेला… येवढी वर्सं मला वाटत व्हतं, ह्यानं शाळंत लिवून आणलेली तारीख खोटी म्हणलं तर घर डोक्यावर घील. म्हणून मी त्याच्यासमोर एक जूनला पोरीला पेढा भरवत आले. दरसाल. आन त्यो बी खात व्हता.

आरोही : तो पण तुमच्यासाठी खात होता.

म्हाळसाबाई : पेढं मातुर दोन-दोन खायचा.

आरोही : काका, बोला. वेळ कुठली ठेवू? आपली का अमेरिकेची?

गोरख : खोट्या तारखेला खरं घड्याळ लावून तरी काय उपेग? ठिव अमेरिका. काढ कागद.

आरोही : आणि उद्यापासून?

गोरख : उद्यापासून इचारणार. पोर जन्मलं तवा घड्याळ कुणाकडं व्हतं, ते आधी सांगा.

म्हाळसाबाई : तसलं इचारू नगा, भाऊ. गिऱ्हाईक पळंल. हां, आला कागद. हिकडं द्या. सत्तावीस कुठं लिवलंय? ह्ये का? जरा ठळक न्हाई का करता येत?

आरोही : केलं. दुसरा काढते. हा घ्या, लांबून दिसेल असा.

म्हाळसाबाई : आता शिक्का. नीट मारा. आमच्या सखूबाईच्या लग्नाच्या वक्ताला अर्धाच उमटला व्हता, तिची सासू आजून ते उकरून काढती.

गोरख : मारतो. पर मला एक सांगा, म्हाळसाबाई. तुमाला ठावं. जानकूभाऊला ठावं. घोडेगावकरांना आपल्या पोराचं ठावं आसणारच. म्हंजे येवढी वर्सं, ह्या मशीनचं समदं खरं मानणारा हितं मी एकटाच व्हतो?

म्हाळसाबाई : मग! म्हणून तर समदी तुमच्याकडंच येत्यात.